उष्णतेला गिऱ्हाईक शोधताना

आज मी चार ओळी लिहू शकतो, चार लोकांत उभा राहून बोलू शकतो, ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिचं नाव तानूबाई. मी तिला आक्का म्हणतो, आणि निपाणीतली आमची सगळी गल्ली तिला तानाक्का म्हणते. आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आक्का तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि मी शाळेत जायचो, अशी आमची वाटणी झाली ती मी पदवीधर होईपर्यंत तशीच राहिली. पुढे मी बेळगावला वसतिगृहात राहिलो. ती महिन्याकाठी भेटायला यायची, पण कधी आत आली नाही. अंगाला तंबाखूचा वास येतो, पोरं तुला हसतील, असं म्हणून फाटकाबाहेर उभी राहून डबा द्यायची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. मी चढलो, ते तिच्या खांद्यावर पाय देऊन.

ज्या प्रवासाबद्दल लिहितो आहे तो काही फार लांबचा नाही. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर. माझ्याच मुलखातला. पण त्या खेपेला मी तिथे एक विचित्र काम घेऊन गेलो होतो, आणि त्यामुळे ओळखीची गावं मला परगावासारखी पाहता आली.

ऐंशी सालानंतरचा तो काळ. मी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत कनिष्ठ शास्त्रज्ञ होतो. आमच्याकडे तेव्हा लहान अणुभट्ट्यांचा विचार चालला होता. मोठ्या शहरासाठी मोठी भट्टी, तशी एखाद्या तालुक्यापुरती लहान भट्टी का असू नये, असा तो विचार. त्यात एक अडचण होती. अणुभट्टी उभारायलाच सगळा खर्च येतो, म्हणून ती रात्रंदिवस एका चालीने चालवली तरच परवडते. माणसांची गरज मात्र एका चालीने चालत नाही. दुपारी वीज कमी लागते, दिवेलागणीला एकदम वाढते. मग आमच्या विभागाने असं सुचवलं की भट्टी आपली चालू राहू द्यावी. दुपारची नको असलेली उष्णता मोठ्या टाकीत, वितळलेल्या क्षारांत साठवावी, आणि संध्याकाळी त्या टाकीतून वाफ काढून वीज करावी किंवा ती उष्णता थेट कारखान्यांना द्यावी. पाण्याची टाकी असते तशी उष्णतेची टाकी.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणत असू, त्यांनी मला बोलावून सांगितलं की आधी फक्त टाकी करून, तेलावर तापवून बघायची आहे, भट्टी पुढची गोष्ट. टाकी कुठे करावी यासाठी काही जागा विचारात आहेत, त्यात तुमचा बेळगावचा भाग आहे. जाऊन बघा, तिथे उष्णता कुणाला हवी आहे, केव्हा हवी आहे. तुमचा अहवाल अनुकूल आला तर टाकी तिथे होईल, आणि टाकीबरोबर निदान पाच-सहा वर्षं तुम्हीही तिथेच.

हे मी आक्काला पत्राने कळवलं, आणि तिथेच माझ्या कामाचं पारडं एका बाजूला झुकलं. आक्का विधवा, एकटी राहणारी. मुंबईला यायला ती तयार नव्हती. आल्यावर आठ दिवसांत तिला कोंडल्यासारखं व्हायचं. आता मीच बेळगावला येणार म्हटल्यावर तिने सगळं ठरवून टाकलं. मी अनुकूल लिहिणार याबद्दल तिला शंका नव्हती. मलाही नव्हती.

नाका

कोल्हापूरहून निघालेली एस.टी. राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर थांबली. पलीकडून एक जमादार चढले आणि सामान तपासत माझ्यापर्यंत आले. माझ्या पिशवीत काचेची एक बरणी होती. तिच्यात आमच्या टाकीत वापरायच्या क्षारांचं मिश्रण, दिसायला पिठीसाखरेसारखं. लोकांना दाखवायला घेतलं होतं.

"इदु एनु?" जमादारांनी विचारलं, आणि मी गोंधळलेला पाहून मराठीत म्हणाले, "हे काय ओ?"

मी म्हटलं, एक प्रकारचं मीठ. त्यांनी झाकण काढलं आणि चिमटीत घेऊन जिभेकडे नेलं. मी त्यांचा हात धरला. सरकारी माणसाचा हात धरणं बरं नव्हे हे मला कळत होतं, पण ते मीठ पोटात जाणंही बरं नव्हतं. मग साहजिकच सगळी बस आमच्याकडे वळून बघू लागली. मी घाईघाईने संस्थेचं ओळखपत्र आणि सोबतचं पत्र काढलं. जमादारांनी पत्र बोटाने ओळ धरून वाचलं. 'लहान अणुभट्टीस जोडावयाच्या साठ्याबाबत' या ओळीवर बोट थांबलं.

"भट्टी," ते म्हणाले. "आणि साठा."

"उष्णतेचा साठा," मी म्हटलं.

"भट्टीवाले सगळे तसंच म्हणतात. लहानच आहे म्हणतात, आणि साठा नाही म्हणतात. तुम्ही निदान लिहून तरी आणलात." बस हसली. जमादारही हसले आणि बरणी परत देऊन उतरले. पुढे या शब्दाने माझी पाठ सोडली नाही. मराठीत पाव भाजणारी ती भट्टी, कौलं भाजणारी ती भट्टी, लोखंड तापवणारी ती भट्टी आणि दारू गाळणारीही भट्टीच. शास्त्रज्ञांनी त्याच शब्दाला पुढे 'अणु' लावला आणि काम भागवलं. पण पुढचं 'अणु' कुणाच्या कानात शिरत नाही.

निपाणी

जानेवारीत निपाणीला पोचणाऱ्याला पाटी वाचावी लागत नाही. गाव यायच्या आधी तंबाखूचा वास येतो. मुंबईच्या माझ्या मित्रांना तो वास उग्र वाटतो. मला तो नाकात शिरला की पोटात भूक लागते, कारण लहानपणी तो वास घरात आला म्हणजे आक्का आली आणि आता चूल पेटणार, असं गणित होतं.

आक्काने भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. मी जेवत असतानाच शेजारची हौसाबाई दारात येऊन टेकली. जयभीम झाला. मग ती मला न्याहाळत म्हणाली, "काय रं, शिकून शिकून शेवटाला भट्टीच काढायची हुती व्हय? ती तर आमच्या दाल्ल्यालाबी काढता आली असती."

आक्का तव्यावरून मान न उचलता म्हणाली, "तुझा दाल्ला काढील ती पिऊन टाकील."

झालं होतं असं की आक्काने गल्लीत सांगितलं होतं, माझा भाऊ बेळगावात भट्टी काढणार. मग कुणी पावाची समजलं, कुणी दारूची. पावाची समजलेल्यांनी आक्काला सांगून ठेवलं होतं की खारी आम्हाला स्वस्तात लावा. आक्काने कुणाचंच खोडलं नव्हतं. मी विचारलं, तू नीट का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "नीट मला तरी कुठं ठावं हाय? तू येनार, एवढं ठावं हाय."

दुपारी मी शिवारात गेलो. कापलेला तंबाखू रानातच उन्हात पसरून ठेवलेला होता. वखारीच्या मुकादमाला मी विचारलं, तुम्हाला वाळवायला नळातून उष्णता मिळाली तर? त्यांनी सभ्यपणे वर आकाशाकडे पाहिलं. बिडीच्या तंबाखूला ऊन लागतं आणि निपाणीत माघापासून पुढे उन्हाची टंचाई नसते. मी तिथून लवकर निघालो.

संध्याकाळी आक्काने मुख्य गोष्ट काढली. बेळगावच्या अनगोळात तिने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. ओळखीच्या बाईबरोबर जाऊन स्वतः बघून आली होती. "नळ दारात हाय. मागं एवढीशी जागा हाय, मी तिथं मिरच्या लावीन. मालकीणबाय मास्तरीण हाय. मी आदीच सांगितलं तिला, आमी जयभीमवाले हाय, मागनं कळून तोंड वाकडं करू नगा. ती म्हटली, भाडं वेळेवर द्या आणि नळ बंद करत चला."

तिने हे सहज सांगितलं. पण बेळगावात खोली शोधणं म्हणजे काय, हे मला विद्यार्थी असल्यापासून माहीत होतं. आडनाव ऐकल्यावर 'अहो, कालच दिली' असं किती घरांनी सांगितलं होतं. म्हणून त्या दोन खोल्या नुसत्या दोन खोल्या नव्हत्या. सकाळी निघताना आक्का म्हणाली, कामं उरकून परस्पर मुंबईला जा, इकडं परत वळू नको, रजा वाया जाईल. तुझा व्हय आला की मी वखारीत सांगते, काम सोडते म्हणून.

संकेश्वर

निपाणीहून संकेश्वर बसने जवळच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि साखर कारखान्याचं धुराडं लांबूनच दिसतं. मी आधी एका गुऱ्हाळावर गेलो. मालक आप्पासाहेब, घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारे. या भागात भाषेचं असंच असतं. माणूस एका वाक्यात दोनदा हद्द ओलांडतो आणि त्याला त्याचं भानही नसतं. मुंबईत आपण पाहुण्याला आधी विचारतो, चहा घेणार का. इथे विचारत नाहीत. मी बसेपर्यंत हातात रसाचा पेला आला, तो संपेपर्यंत काहिलीतला गरम, अजून तार सुटणारा गूळ केळीच्या पानावर आला, बरोबर भाजलेल्या शेंगा. बोलणं त्यानंतर.

मी मात्र काहिलीकडे बघत होतो आणि मनात आनंदलो होतो. गुळाला लागणारी उष्णता आमच्या टाकीतून सहज मिळाली असती, अगदी आरामात. मी आप्पासाहेबांना समजावून सांगितलं. जाळ नाही, धूर नाही, नळाची चावी फिरवली की काहील उकळेल, पाहिजे तेव्हा.

त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग चुलवणाकडे हात केला. एक माणूस चुलवणात वाळलेलं चिपाड सारत होता. रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, तोच वाळवून तिथेच जाळायचा. बाहेर चिपाडाचा डोंगर पडला होता.

"तुमची उष्णता घेतो की," आप्पासाहेब म्हणाले. "पण मग ह्ये चिपाड काय डोक्यावर घेऊ?"

मी तिथून साखर कारखान्यात गेलो. कारखान्यातही तेच झालं. तिथल्या अभियंत्यांनी मला बॉयलर दाखवले. तेही चोथ्यावरच चालत होते, आणि हंगाम संपला की बंद. ते म्हणाले, आम्हाला चोथा संपवायची काळजी आहे, तुम्ही आणखी उष्णता घेऊन कुठे येता. तरी बसमध्ये बसल्यावर मी गुऱ्हाळं 'शक्य' या सदरात टाकली. म्हटलं, चिपाडाचा दुसरा काही उपयोग निघेल. कागद होतो म्हणतात. माणूस ज्याला व्हय म्हणायचं ठरवून निघतो, त्याला कारणं भेटत जातात.

बेळगाव

बेळगावला हवा गार होती. उतरलो त्या खानावळीत ज्वारीची कडक भाकरी आणि दह्यात कालवलेली मेथी मिळाली, आणि शेवटी मालकाने चमचाभर कुंदा, इकडची खव्याची मिठाई, वाढला, नवीन गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी फुकट असतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पैसे पडतात.

शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात मी वाफेच्या विभागात गेलो. तिथे पहिल्यांदा मला खरं गिऱ्हाईक भेटलं. विभागाचे प्रमुख कुलकर्णी नावाचे कानडी गृहस्थ होते, स्वच्छ, सावकाश मराठी बोलणारे. त्यांना वाफ हवी होती, भरपूर हवी होती. कोळसा लांबून येत होता आणि वेळेवर येत नव्हता. मी उत्साहाने टाकीचं चित्र काढून दाखवायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. आमचा कारखाना दिवसरात्र सारखा चालतो, ते म्हणाले, आम्हाला वाफ दुपारी जेवढी तेवढीच पहाटे. तुमची भट्टी आम्हाला चालेल, साठ्याची टाकी काय करायची? मी चित्र दुमडून खिशात घातलं. ज्यांना उष्णता हवी त्यांना साठवण नको, आणि ज्यांना साठवण उपयोगी त्यांच्याकडे उष्णता फुकट पडलेली. असं चमत्कारिक गणित होऊन बसलं होतं.

संध्याकाळी बाजारात फिरत होतो तेव्हा एकदम वीज गेली. दुकानदार सवयीने उठले, कुणी कंदील लावला, कुणी पेट्रोमॅक्सला हवा भरू लागला. मला पुन्हा धीर आला. हीच तर ती दिवेलागणीची टंचाई, हिच्यासाठीच टाकी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीज खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला चहा पाजून समजावलं की इकडची संध्याकाळची वीज येते ती मुख्यतः धरणांतून. दुपारी पाणी अडवून ठेवतो, संध्याकाळी सोडतो. पाणी साठवलं म्हणजे वीजच साठवली. पाऊस कमी झाला की पाणी कमी, म्हणून कपात. साठवायला जागा कमी नाही साहेब, ते म्हणाले, साठवायला वस्तूच कमी आहे.

तरीही, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो, त्या दिवशी दुपारी मी अनगोळात गेलो आणि खोल्या बघितल्या. मालकीणबाईंनी कुलूप काढून दिलं आणि स्वतः दारातच उभ्या राहिल्या. जुनं कौलारू घर, भिंती नुकत्याच पांढऱ्या केलेल्या. मागे आक्काने सांगितलेली ती एवढीशी जागा होती. बाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीनं इथं उभं राहून सगळं ठरवलं बघा, कुठं चूल, कुठं तुमचं टेबल. टेबल खिडकीशी म्हणाल्या, उजेड येतो. मी त्या खिडकीशी जरा वेळ उभा राहिलो. समोर रस्त्यावर शाळा सुटलेली मुलं जात होती. मला वाटलं, अहवालात थोडं सैल लिहिलं तर कुणाचं काय बिघडणार आहे? टाकी कुठेतरी होणारच. इथे झाली तर इथे.

खानापूर

शेवटचा दिवस खानापूरसाठी ठेवला होता. बेळगाव सोडलं की रस्ता बदलत जातो. ऊस संपतो, भाताची कापलेली शेतं लागतात आणि पलीकडे जंगलाची काळी रेघ. खानापूरकडची माती चांगली, कौलं आणि मडकी भाजायच्या भट्ट्या आहेत, असं ऐकलं होतं. त्या पाहायच्या आणि उष्णतेची चौकशी करायची. तालुक्याच्या गावातून एका बसने मी आत, रानाच्या कडेच्या एका गावात उतरलो.

थांब्यावर दोन म्हातारे बसले होते. मी नमस्कार करून विचारलं, "इथं भट्टी कुठं आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "न्हाय बा. आता आमच्यात न्हाय."

मी म्हटलं, मला तर सांगितलं आहे की इथं बरीच वर्षं आहे. दुसरा उठून चालू लागला. मी पहिल्याला धीर द्यायला म्हटलं, घाबरू नका, मी फक्त विचारणार आहे, रोज किती निघतं, लाकूड किती जळतं, आणि तयार माल कुठं साठवता. यावर तोही उठला.

मी गावात शिरलो. पाच-सात घरं पार केली असतील तोवर समोरून बायका आल्या, दहा-बारा असतील, एकीच्या हातात शेणाचं टोपलं तसंच होतं. पुढे एक पन्नाशीची, ठेंगणी बाई. नंतर कळलं, त्या सुभद्राबाई. गावातली हातभट्टी त्या बायकांनी आदल्या पावसाळ्यात मडकी फोडून बंद पाडली होती, आणि ती पुन्हा सुरू करायला कोणीतरी येणार अशी त्यांना शंकाच होती.

"कुनाचा मानूस रं तू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सरकारी.

"आता सरकारबी भट्टी काढनार व्हय?"

मी म्हटलं, "मावशी, ही दारूची भट्टी नव्हे. अणूची."

"कुठली अनू?" मागची एक म्हणाली. "अनसूयाची ल्येक?" तिच्या शेजारची म्हणाली, ती तर लग्न करून लोंढ्याला गेली. अनू बिचारी कुठून आली मध्येच, म्हणून थोडी चर्चा झाली. तोवर कुणीतरी माझी बरणी काढून पाहिली आणि हे नवसागर, हे दारूतच घालतात, असा निकाल दिला.

शेवटी मला एका पडवीत बसवलं. मी पहिल्यापासून सांगितलं. कौलांच्या भट्टीची चौकशी करायला आलो होतो, हे कळल्यावर बायका हसून हसून वाकल्या. कौलांचं ते गाव अलीकडचं, मी एक थांबा पुढे आलो होतो. मग सुभद्राबाईंनी विचारलं की तुझी ती अनूची भट्टी तरी कशाला? मी सांगितलं. उष्णता साठवायची, ज्याला हवी त्याला द्यायची. इथं कुणाला हवी आहे ते बघत हिंडतो आहे. त्यांनी विचारलं, कुणी घेतो म्हटलं का? मी म्हटलं, अजून नाही. पण घेतील.

"म्हंजे भट्टी आदी ठरलीया," सुभद्राबाई म्हणाल्या, "आन् गिऱ्हाईक आता हुडकतोयस."

"तसंच म्हणा."

"दारूवाल्याचंबी असंच असतंय बघ. आदी भट्टी लावतंय, मग घरोघरी चव लावत हिंडतंय."

पुन्हा हसू उसळलं. मीही हसलो. त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि कुळथाची आमटी वाढली, मडकी फोडल्याची हकिकत तिघींनी तीन प्रकारे सांगितली, आणि परतीच्या बसपर्यंत पोचवायला दोघी आल्या. शेजारच्या गावातल्या कौलांच्या भट्ट्या मी जाता जाता पाहिल्या. त्यांना लागणारी आच आमच्या टाकीच्या कितीतरी पलीकडची होती, ते धग लागताच कळलं.

खानापूर स्टेशनावर गाडीला वेळ होता. लोंढ्याकडून येणारी गाडी पकडून मी परस्पर मुंबईला जाणार होतो. लाकडाच्या ओंडक्यांचा वास येत होता, फलाटावर ऊन होतं. मी बाकावर बसून कच्चा अहवाल काढला आणि सुभद्राबाईंचं बोलणं तेव्हा कुठे मला लागलं. मी चार दिवस लोकांना त्यांची गरज विचारत नव्हतो. माझी गरज त्यांच्या गळ्यात बांधायला बघत होतो. तंबाखूला ऊन होतं, गुळाला चिपाड होतं, कारखान्याला टाकी नको होती, दिव्यांना धरण होतं. कल्पना खोटी नव्हती. आजही मला ती खरी वाटते. जिथे धरण नाही, चोथा नाही, आणि दिवेलागणीला खरोखर अंधार पडतो, तिथे ती उपयोगी पडेल. फक्त ती जागा माझं गाव नव्हतं. पहिली टाकी इथे उभी राहिली असती तर कुणी वापरली नसती, आणि मग दुसरी कुठेच झाली नसती.

मी 'शक्य' सदरातली गुऱ्हाळं काढून टाकली. गाडी आली तेव्हा अहवाल एका शब्दावर आला होता, आणि तो शब्द आक्काला हवा तो नव्हता.

परत

साहेबांनी अहवाल माझ्यासमोरच वाचला. वाचून चष्मा काढला. "तुम्ही तिथलेच," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हटलं असतं तर मी न वाचता सही केली असती."

मी म्हटलं, म्हणूनच नाही म्हटलं. त्यांनी अहवालाच्या शेवटच्या पानावर सही केली. पुढच्या आठवड्यात टाकीसाठी उत्तरेकडच्या वाळवंटी भागातलं एक गाव ठरलं. तिथे वीज डिझेलच्या यंत्रावर, तीही संध्याकाळी थोडा वेळ, आणि एक दवाखाना आहे ज्याला गरम पाणी आणि वाफ दोन्हीची रोज वाट बघावी लागते. टाकीबरोबर मीच जावं, असं साहेब म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन मी आक्काला पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थरूप आक्कास,

सप्रेम जयभीम.

मी सुखरूप पोचलो. काम झालं. बेळगावला टाकी होणार नाही. साहेबांनी नाही म्हटलेलं नाही, मीच नाही म्हणून लिहिलं. कुणी अडवलं, कुणी आपल्याला डावललं असं समजू नकोस. आपल्याकडे त्या वस्तूची गरज नव्हती. मी हिंडून विचारलं, सगळ्यांनी नीट उत्तरं दिली. ती उत्तरं बदलून लिहिली असती तर तू वखारीत उभी राहून मला जे शिकवलंस ते वाया गेलं असतं.

आता मला लांब जावं लागेल, उत्तरेकडे, वाळूच्या मुलखात. तिथे एक दवाखाना आहे. बाळंतिणीला गरम पाणी द्यायला तिथल्या नर्सला लाकडं गोळा करायला माणूस पाठवावा लागतो, असं कळलं. टाकी तिथं चालली तर ते थांबेल. किती वर्षं लागतील सांगता येत नाही.

अनगोळच्या बाईंना मी वेगळं पत्र टाकलं आहे, खोल्या दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. मी त्या बघून आलो होतो. चांगल्या होत्या. तू माझं टेबल खिडकीशी ठेवणार होतीस ते त्यांनी सांगितलं. गल्लीत काय सांगायचं ते तू ठरव. भट्टी बुडाली म्हटलंस तरी चालेल.

तू माझ्याबरोबर येशील का, हे मी विचारतो आहे. तू नाही म्हणशील हेही मला ठाऊक आहे, तरी विचारतो. मागच्या वर्षीपासून तू प्रौढांच्या वर्गाला जातेस म्हणून या पत्रात अक्षर मोठं काढलं आहे आणि ओळींत अंतर ठेवलं आहे. हौसाबाईच्या सुनेकडून वाचून घेऊ नकोस, वेळ लागला तरी तूच वाच. आणि रागावली असशील तर तसंच लिही. तुझा राग मी आजवर तोंडानं पुष्कळ ऐकला, तुझ्या अक्षरात अजून कधी वाचलेला नाही.

तुझा भाऊ